अटकेपारचा झेंडा आणि सीताबर्डीची टेकडी



संयोजकांनी आम्हाला दिलेला विषय मोठा आहे. जागतिक वर्चस्वाचे साधन म्हणून लष्करी बळाच्या मर्यादा. हे ऐकून तुमच्यापैकी अनेकांनी मनाशी धरले असेल की आता वॉशिंग्टन, मॉस्को, काबूल असा फेरफटका होणार. तो थोडासा होईल, पण शेवटी. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, आणि त्यातून एक खोड लागली. दुसऱ्याची चूक चटकन दिसते, आपली दिसायला वेळ लागतो, म्हणून आधी आपली बघावी. तेव्हा अमेरिकेचे काय चुकले हे सांगण्याआधी आपण आपल्याच एका वाक्प्रचाराची जरा झडती घेऊ. तो वाक्प्रचार तुम्हा सगळ्यांच्या तोंडी आहे. ‘अटकेपार झेंडा लावला.’

मुलाला परदेशात नोकरी लागली की आपण म्हणतो, अटकेपार झेंडा लावला. मराठी नाटकाचा दौरा लंडनला गेला, लावला झेंडा. शेजाऱ्यांच्या लोणच्याला दुबईत गिऱ्हाईक मिळाले तरी तेच. (हशा) हसू नका, आम्हीही म्हणतो. पण या वाक्प्रचारात यशाचे एक मोजमाप दडलेले आहे. आपण किती लांब पोचलो, ते आपले यश. तिथे गेल्यावर काय केले, किती दिवस राहिलो, तिथल्या माणसांना आपण हवे होतो का, यांपैकी एकही प्रश्न त्यात नाही. शाळेच्या भिंतीवरचा मराठा साम्राज्याचा नकाशा आठवा. जिथे जिथे घोडा गेला तिथे तिथे एकच रंग. पुण्याभोवतीचा मुलूख आणि अटक, दोन्हींना तोच रंग. आमची टीका त्या रंगावर आहे.

ही टीका आम्हाला आपोआप सुचली नाही. ती आमच्यावर ओढवली. आम्ही नोकरीत असतानाची गोष्ट. बी.ए.च्या वर्गात राज्यसंस्था आणि बळ हा भाग चालला होता. उदाहरण म्हणून आम्ही मोठ्या अभिमानाने पहिल्या रघूजी भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या सांगितल्या. नागपूरचा घोडा थेट मुर्शिदाबादपर्यंत गेला वगैरे. वर्गात एक बंगाली मुलगा होता. वडील रेल्वेत, बदलीने इथे आलेले. तास संपल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, “सर, आमच्याकडे आजी लहान मुलांना झोपवताना जे गाणं म्हणते ना, त्यात तुम्ही आहात.” आम्हाला आधी बरेच वाटले. मग त्याने अर्थ सांगितला. गाव निजले आहे, बर्गी आले आहेत, आता सारा कशातून भरायचा, अशी ती अंगाई. बर्गी म्हणजे बारगीर. म्हणजे आपण.

त्या दिवशी त्याला उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजा.

बारगीर म्हणजे कोण, हे आधी लक्षात घ्या. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. बारगिराला घोडादेखील दुसऱ्याचा मिळे, सरकारचा किंवा शिलेदाराचा. म्हणजे फौजेतला हा सगळ्यात गरीब स्वार. पावसाळ्यात कुठेतरी वऱ्हाडात नांगर धरणारा आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघणारा. या गरिबाचे नाव हजार मैलांवरच्या दुसऱ्या गरिबाच्या घरात भीतीचे नाव झाले. यात रघूजींचा पराक्रम खोटा ठरत नाही. त्यांनी नागपूर राजधानी केली, गोंड राज्याच्या घरगुती भांडणातून वाट काढत स्वतःचे राज्य उभे केले. पराक्रम खरा आहे. प्रश्न एवढाच आहे की पराक्रमाने काय मिळते आणि काय मिळत नाही.

आता दोन-तीन शब्द वेगळे करून घेऊ. त्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बळ म्हणजे समोरच्याला इजा करण्याची क्षमता. सत्ता म्हणजे समोरच्याने आपले ऐकणे. आणि वर्चस्व म्हणजे आपण समोर नसतानाही त्याने ऐकणे. घोडा समोर उभा असताना गावाने पैसे दिले, तर ते बळ. घोडा निघून गेल्यावरही गाव दरसाल सारा भरते, तंटा झाला तर तुमच्याच कचेरीत येते, तेव्हा त्याला वर्चस्व म्हणावे. गंमत बघा, स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने १७४१ साली एक निबंध छापला. त्यात त्याचा प्रश्न असा की थोडे लोक पुष्कळांवर राज्य करतात ते कसे? बळ तर नेहमी पुष्कळांकडेच असते. त्याचे उत्तर असे की राज्य टिकते ते लोकांच्या मतावर, मग ती राजवट कितीही लष्करी असो. कारण सैनिकालासुद्धा हुकूम मानावासा वाटला पाहिजे. इकडे नागपूरहून भास्करराम कोल्हटकरांची फौज बंगालकडे निघण्याची तयारी होत होती तो हाच सुमार.

आपल्याकडे कौटिल्याने विजेत्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. धर्मविजयी, लोभविजयी आणि असुरविजयी. पहिला शरणागतीवर संतुष्ट होतो. दुसऱ्याला जमीन आणि द्रव्य हवे. तिसऱ्याला त्याखेरीज बायकामुले आणि प्राणही हवेत. कौटिल्य काही संत नव्हता. तो हिशेबी माणूस. पण विजय सगळे सारखे नसतात, एवढे त्यालाही कळत होते. आपल्या नकाशाला ते कळत नाही.

आता बंगालकडे चला.

१७४२ च्या वसंतात भास्करराम बंगालमध्ये उतरले. नवाब अलीवर्दी खान. त्याच्यावर उलटलेला मीर हबीब मराठ्यांना मिळाला आणि वाटाड्या झाला. मुर्शिदाबादला जगतशेठची पेढी लुटली गेली. त्या पावसाळ्यात फौजेने काटव्याला तळ दिला. शरद ऋतू आला, तेव्हा भास्कररामांनी तिथे थाटाने दुर्गापूजा मांडली. आणि पूजा चालू असतानाच अलीवर्दीने छापा घालून त्यांना पळवून लावले.

या स्वाऱ्यांवर गंगाराम नावाच्या बंगाली कवीने काव्य लिहिले आहे. नाव ‘महाराष्ट्र पुराण’. काळ १७५१ च्या सुमाराचा, म्हणजे सगळे ताजे असताना. हे काव्य प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला हवे. त्याची रचना बघा. सुरुवातीला पृथ्वीवर पाप वाढले आहे आणि देवच मराठ्यांना शिक्षा करायला पाठवतो. म्हणजे कवी आपल्या बाजूने आहे! परमुलखातला माणूस, आपली भाषा न बोलणारा, आणि तो आपल्याला ईश्वरी कार्य बहाल करतो. ह्यूम ज्याला लोकमत म्हणतो ते आपल्याला फुकट मिळत होते. मग कवी फौजेचे वर्तन सांगू लागतो. गावे जाळली, माणसे मारली, बायकांवर अत्याचार केले, ब्राह्मण-वैष्णवांनाही सोडले नाही. आणि देवीचे मन फिरते. ती मराठ्यांची बाजू सोडून नवाबाची बाजू घेते. हिंदू कवीच्या काव्यात हिंदू देवी मुसलमान नवाबाच्या पाठीशी उभी राहते. काटव्याची पूजा आपली होती, पण देवी आपली राहिली नाही.

आमच्या मते मराठ्यांचा बंगालमधला पराभव या काव्यात झाला. रणांगणावर तो कधीच पूर्ण झाला नाही. मार्च १७४४ मध्ये अलीवर्दीने भास्कररामांना तहाच्या बोलणीला बोलावून मनकऱ्याला दगा देऊन मारले. रघूजी चिडून पुन्हा आले, पुन्हा पुन्हा आले. शेवटी १७५१ मध्ये तह झाला. ओडिशा व्यवहारात भोसल्यांकडे आले, आणि बंगाल-बिहारच्या चौथाईपोटी वर्षाला १२ लाख रुपये ठरले. सुवर्णरेखा नदी ओलांडायची नाही असेही ठरले. म्हणजे दहा वर्षांच्या लढाईनंतर आपण जिंकलो. कागदावर तर नक्कीच.

पण काय जिंकलो? चौथ म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा. तो कशाबद्दल? आम्ही तुमच्यावर येणार नाही, याबद्दल. वर सरदेशमुखीचे दहा टक्के. १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांसाठी या हक्कांच्या सनदा मिळाल्या, त्याही मोगल बादशहाकडून. तलवार मराठ्यांची, शिक्का दिल्लीचा! तलवारीलासुद्धा कागद लागतो हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. मात्र चौथ घेणारा रस्ता बांधत नाही, न्याय देत नाही, दुष्काळात तगाई देत नाही. तो फक्त येत नाही. असे न येण्यातून कोणाच्या मनात आपल्याविषयी काय निर्माण होणार? दरसाल आपल्याला पैसे देणाऱ्याच्या मनात एकच विचार असतो, कधी एकदा हा देण्याची पाळी संपते.

आणि बंगालचा माणूस मधल्या काळात स्वस्थ बसला नाही. पश्चिम बंगालमधले लोक गंगा ओलांडून पूर्वेला गेले. कित्येक व्यापारी, कारागीर कलकत्त्याला इंग्रजांच्या आसऱ्याला आले. तिथल्या रहिवाशांनी १७४२-४३ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही, पण त्याचे नाव राहिले, मराठा खंदक. नीट विचार करा. आपल्या बळाने बंगालच्या माणसाला शिकवले काय? की नवाब तुला वाचवू शकत नाही, गोरा व्यापारी कदाचित वाचवेल. आम्ही असे म्हणत नाही की भोसल्यांच्या स्वाऱ्यांमुळे प्लासी झाली. इतिहास इतका सरळ नसतो. पण कलकत्त्याची पत वाढवण्यात नागपूरच्या घोड्यांचा हात होता, एवढे कबूल करावे लागते. १७५७ ला प्लासी झाली, १७६५ ला बंगालची दिवाणी कंपनीकडे गेली. चौथाई आधी थकली, मग बंदच झाली. मागायला जाण्याची ताकद राहिली नव्हती.

राहता राहिले ओडिशा. ते १८०३ मध्ये गेले. सप्टेंबरात इंग्रज फौज पुरीला आली, तिथे प्रतिकारच झाला नाही. ऑक्टोबरात कटकचा बाराबती किल्ला पडला. बावन्न वर्षांचा ताबा महिन्याभरात संपला. त्या वर्षअखेर देवगावच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. आज पुरीला जाल तर जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर अरुणस्तंभ दिसेल. तो कोणार्कहून मराठा अमलात तिथे आणून उभा केला, असे सांगतात. ओडिशात मराठ्यांची आठवण म्हणून आनंदाने दाखवला जातो तो हा खांब. फौजेचे कौतुक कोणी दाखवत नाही.

याच ओडिशात, भुवनेश्वरजवळ धौलीला, अशोकाचे शिलालेख आहेत. कलिंगच्या युद्धात लाख माणसे मेली, दीड लाख कैद होऊन गेली, याचा पश्चात्ताप त्याने तेराव्या लेखात कोरला. पण तो लेख धौलीला नाही! कलिंगच्या लोकांसमोर तो त्याने लावला नाही. तिथे त्याऐवजी अधिकाऱ्यांना उद्देशून लेख आहेत. लोकांना विनाकारण तुरुंगात टाकू नका, छळू नका, त्यांचा विश्वास मिळवा, असा त्यांचा आशय. पश्चात्ताप खरा की राजकीय, यावर विद्वानांनी भांडावे. आम्हाला त्यात एक गोष्ट दिसते. लढाई जिंकल्यावर त्या सम्राटाला कळले होते की खरे काम आता सुरू होते, आणि ते फौजेचे नाही.

आता अटक. १७५८ च्या एप्रिलमध्ये राघोबादादा लाहोरला पोचले, पुढे मराठा फौजा अटकेपर्यंत गेल्या. दादा परत आले ते कर्ज घेऊन. १७५९ सरता सरता अब्दाली पुन्हा उतरला आणि पंजाब सोडावा लागला. म्हणजे ज्या झेंड्यावर आपण अडीच शतके वाक्प्रचार चालवतो, तो झेंडा दोन वर्षेही तिथे नव्हता. मग १७६१ चे पानिपत. नागपूरकर भोसले पानिपतावर नव्हते हेही आपण नागपूरकरांनी लक्षात ठेवावे. उलट १७६३ मध्ये पुणे लुटले गेले तेव्हा निजामाबरोबर आमचे जानोजी भोसले होते. आणि १७६५ मध्ये पेशवा आणि निजाम मिळून इकडे आले, तेव्हा नागपूर जळले. त्याआधी, १७४३ मध्येच, रघूजींना बंगालमधून हुसकायला खुद्द नानासाहेब पेशवे गेले होते, अलीवर्दीकडून पैसे घेऊन. लुटीच्या हिश्शावर उभी असलेली एकी हिश्शाच्या भांडणाने मोडते. त्याला फितुरी म्हणून भागणार नाही.

इथे तुमच्यापैकी कोणीतरी मनात म्हणत असेल, “सर, हे सगळं ठीक. पण इंग्रज बळावरच जिंकले ना? सीताबर्डीला काय झालं?” प्रश्न रास्त आहे. त्याला बगल द्यायची नाही.

रेल्वे स्टेशनला लागून असलेली ती टेकडी. खाली मेट्रो, दुकाने, गर्दी. वर किल्ला, लष्कराच्या ताब्यात. एरवी आपल्याला वर जाता येत नाही, वर्षातून ठराविक दिवशी उघडतो. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, या दोन दिवसांत तिथे लढाई झाली. अप्पासाहेब भोसल्यांची फौज अठरा हजारांच्या आसपास, त्यांत काही हजार अरब. कंपनीची माणसे दीड हजाराच्या आत. अरबांनी धाकटी टेकडी घेतली, तिथून मोठ्या टेकडीवर तोफा लावल्या. इंग्रजांचे साडेतीनशेहून अधिक ठार-जखमी झाले. तरी ते जिंकले. बळच निर्णायक ठरले असते तर आकडे उलटे बोलतात.

मग काय ठरले निर्णायक? तीन गोष्टी बघा. एक, ती माणसे टेकडीवर आलीच कशी? १८१६ च्या मे महिन्यात अप्पासाहेबांनी स्वतः तैनाती फौजेच्या तहावर सही केली. घरातल्या भांडणात पाठीराखा हवा होता म्हणून. फौज इंग्रजांची, खर्च भोसल्यांचा. दुसरे, टेकडीवरचे बहुतेक शिपाई याच देशाचे होते, मद्रासकडचे, बंगालकडचे. त्यांना पगार वेळेवर मिळत होता. आमच्याकडे पगार थकवण्याची जुनी रीत. तिसरे, लढाईचे पारडे फिरवले ते कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाने. हे बंगालचे घोडदळ होते. नागपूरचा घोडा बंगालात गेला त्याला पंचाहत्तर वर्षे झाली होती, आणि बंगालचा घोडा सीताबर्डीला आला होता. नियतीचा न्याय वगैरे आम्ही म्हणणार नाही. बंगालचा महसूल नीट गोळा करून त्यातून नियमित पगार देणारी व्यवस्था तिकडे उभी राहिली होती, आणि इकडे ती नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

जिंकल्यावर इंग्रजांनी काय केले? गादी मोडली नाही. तिसरे रघूजी, लहान वयाचे, गादीवर बसवले. रेसिडेंट जेंकिन्सने कारभार हातात घेतला, पण गावात पाटील ठेवला, जमाबंदीचे जुने दप्तर ठेवले. शहरात अडून बसलेल्या अरबांवरचा हल्ला तर फसला होता. शेवटी बोलाचाली करून त्यांना बाहेर काढावे लागले. आणि राज्य प्रत्यक्ष खालसा झाले ते डलहौसीच्या काळात, डिसेंबर १८५३ मध्ये रघूजी वारसाविना गेले तेव्हा, १८५४ साली. एक गोळी न झाडता, कागदावर. मग राजवाड्याचे जवाहीर कलकत्त्याला लिलावात गेले, हत्ती-घोडे-बैल सीताबर्डीच्या बाजारात कवडीमोलाने विकले गेले. ज्यांच्यावर हा अपमान ओढवला त्यांत वृद्ध बांकाबाई होत्या. आणि तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, नागपुरात उठावाचा बेत फसला आणि शहर शांत राहिले, त्यात याच बांकाबाईंच्या शब्दाचा मोठा वाटा होता. त्यांनी असे का केले, यावर वेगळे व्याख्यान होईल. पण राजवाडा लुटणाऱ्या सत्तेला अडचणीच्या दिवसांत त्याच राजवाड्यातल्या म्हातारीचा शब्द उपयोगी पडला. टेकडीवरच्या तोफांनी ते काम झाले नसते.

आता या टेकडीच्या आसपासचा दुसरा झेंडा सांगतो. १९२३. नागपुरात स्वराज्याचा तिरंगा, चरख्याचा, घेऊन सिव्हिल लाइन्सकडे मिरवणूक न्यायला सरकारने बंदी केली. १ मे पासून सत्याग्रह सुरू झाला. रोज काही माणसे झेंडा घेऊन निघायची, पोलिस अडवायचे, माणसे तुरुंगात. दुसऱ्या दिवशी नवी माणसे. जमनालाल बजाजांना शिक्षा झाली, मग वल्लभभाई पटेल सूत्रे हातात घ्यायला आले. देशभरातून स्वयंसेवक येत राहिले. हजाराहून जास्त लोक तुरुंगात गेले. जमनालालजींनी दंड भरला नाही म्हणून त्यांची मोटार जप्त करून लिलावात काढली, तर नागपुरात बोली लावायला कोणी येईना. १८५४ च्या लिलावात भोसल्यांच्या हत्तींनासुद्धा गिऱ्हाईक मिळाले होते. या सत्तर वर्षांत टेकडीवरच्या तोफा कमी झाल्या नव्हत्या. खाली बाजारात माणसांचे मत बदलले होते. १८ ऑगस्टला मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली. सरकार म्हणाले, आम्ही परवानगी दिली. सत्याग्रही म्हणाले, बंदी मोडली. दोघांनाही आपापले खरे वाटू द्या. झेंडा गेला, हे दोघांना मान्य होते.

आम्ही इथे सावध राहतो. सत्याग्रह सर्वत्र चालेल असा आमचा दावा नाही. १९२३ चे सरकार वर्तमानपत्रांना, कौन्सिलातल्या प्रश्नांना थोडेतरी बिचकत होते. जे सरकार कशालाच बिचकत नाही, तिथे रोज दहा माणसे पाठवणे म्हणजे रोज दहा माणसे गमावणे. आणि बळाचा काही उपयोगच नाही, असेही आम्ही म्हणत नाही. घर राखायला बळ लागते. आक्रमण अडवायला लागते. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या, तेव्हा काही दिवसांत कीव पडेल असे पुष्कळांना वाटले. पडले नाही, आणि ते निव्वळ प्रार्थनेने वाचले नाही. बळ मोडू शकते, अडवू शकते, राखू शकते. पण दुसऱ्याच्या घरात आपल्याविषयी आपलेपणा ते पेरू शकत नाही. हॅना आरेंट यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात हीच गोष्ट मांडली: हिंसा सत्ता नष्ट करू शकते, निर्माण करू शकत नाही.

आता जगाकडे बघा, आता ते ओळखीचे वाटेल. व्हिएतनाममध्ये अमेरिकेकडे बॉम्ब कमी नव्हते. १९७५ मध्ये सायगाव पडले. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौज १९७९ मध्ये गेली, १९८९ मध्ये परतली. अमेरिका २००१ मध्ये गेली, ऑगस्ट २०२१ मध्ये परतली. वीस वर्षे पगार, शस्त्रे, प्रशिक्षण देऊन उभी केलेली अफगाण फौज काही आठवड्यांत विरघळली. त्यांच्याकडे बंदुका होत्या. ह्यूमचा प्रश्न त्यांना विचारा: हुकूम मानावासा वाटत होता का? आपण टीव्हीवर काबूलचा विमानतळ बघितला आणि म्हणालो, महासत्तेची काय ही अवस्था! १८०३ च्या कटकचे चित्र कोणी काढले असते तर तेही फार वेगळे दिसले नसते. फरक एवढाच की त्या अवस्थेत आपण होतो, म्हणून आपल्या नकाशावर ती दिसत नाही. तिथे फक्त रंग आहे.

आणि हा केवळ इतिहासाचा वाद नाही, म्हणून आज बोललो. आज आपला देश मोठा होतो आहे. शेजारी छोटे आहेत. आपल्या घराघरांत संध्याकाळी पडद्यावर नकाशे दाखवले जातात, अमुक इतक्या तासांत आपण कुठवर पोचू, याची गणिते होतात. तरुण मुले ती गणिते पाठ करतात. पोचू शकू, यात आम्हाला शंका नाही. राघोबादादाही पोचले होते. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथली आजी आपल्या नातवाला झोपवताना काय म्हणेल, हा प्रश्न त्या पडद्यावर कोणी विचारत नाही. तो विचारणारा भ्याड असतो असे समजतात. आमचे म्हणणे उलट आहे. तो प्रश्न विचारायला जास्त धैर्य लागते, कारण तो प्रश्न आपल्याच घरात विचारावा लागतो.

त्या बंगाली मुलाला आम्ही तेव्हा काय उत्तर द्यायला हवे होते? बरीच वर्षे आम्ही मनात वेगवेगळी उत्तरे रचली. तेव्हाचे युद्धच तसे होते. सगळेच लुटत. नवाब तरी कुठे साधू होता. ही सगळी खरी आहेत, आणि एकही उत्तर नाही. आज विचारले असते तर आम्ही म्हणालो असतो, “हो बाबा, ते आम्हीच. बैस. तुझ्या आजीचं गाणं पुन्हा एकदा सांग, या वेळी सगळ्या वर्गाला.”

वाक्प्रचार सोडा असे आम्ही सांगत नाही. भाषा अशी कोणाच्या सांगण्यावरून बदलत नाही. पण पुढच्या वेळी कोणी म्हणाले की अटकेपार झेंडा लावला, तर हळूच विचारा, आणि मग? किती दिवस होता? एवढे विचारण्याची सवय लागली तरी आजच्या संध्याकाळचे सार्थक झाले म्हणू.

प्रश्न असतील तर विचारा. आम्ही इथे थांबतो.